अक्षरावरचा तीन

आरशासमोर बसलेल्या कयलने ‘ई’ म्हणताना वरचा ओठ खाली ओढून घेतला, तेव्हा शर्मिष्ठाला वाटलं, पोर आपली थट्टा करते आहे.

एग्मोरच्या त्या शाळेत सगळीच मुलं कानांनी अधू होती. यंत्र लावल्यावर कुणाला थोडंफार ऐकू येई, कुणाला नुसता गुणगुणाट. त्यांना बोलायला शिकवायचं ते आरशासमोर बसून. बाई आणि मूल शेजारी शेजारी बसत. मूल आधी बाईंचं तोंड बघे, मग आपलं, आणि दोन्ही सारखी दिसेपर्यंत बघत राही. ‘ई’ त्यातल्या त्यात सोपी. तमिळमध्ये ई म्हणजे माशी, त्यामुळे माशीचं चित्र काढलेलं कार्ड समोर धरायचं, ओठ दोन्हीकडे फाकवायचे आणि दात दिसू द्यायचे. सहा वर्षांच्या कयलने ओठ फाकवले आणि लगेच उजव्या बाजूने वरचा ओठ खाली घेतला, खांद्यावरून घसरलेला पदर सावरावा तसा. शर्मिष्ठाने मानेनेच नाही म्हटलं आणि ‘ई’ स्वतः करून दाखवली. आरशात दोन ओठ एकदमच खाली आले.

त्या दिवशी तिने वर्गातल्या अकराही मुलांना एकेक करून आरशासमोर बसवलं. सात जणांचा ओठ तसाच खाली येत होता. चौघांचा आला नाही, कारण ती मुलं गेल्याच महिन्यात दुसऱ्या बाईंकडून तिच्याकडे आली होती.

तिच्या उजव्या बाजूचा वरचा सुळा बाकीच्या दातांच्या रांगेत मावला नव्हता. तो हिरडीतून वरच्या वर बाहेर आला होता, बसमध्ये जागा न मिळालेल्या माणसासारखा, एक पाय फळीवर ठेवून. तमिळ लोक अशा दाताला तेत्तुपल म्हणतात आणि तो असणारी मुलगी नशीबवान मानतात. शर्मिष्ठा आता एकोणचाळीस वर्षांची होती. ओठ ओढून तो दात झाकायची सवय तिला कधी लागली हे तिला आठवत नव्हतं, आणि ती सवय आहे हेही तिला सात मुलांच्या तोंडांवरून कळत होतं.

आठवत होतं ते एवढंच. ती सोळा वर्षांची असताना वडील तिला तिरुवल्लिकेणीतल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. तार लावायची तर अठरा हजार रुपये होतील, असं त्यांनी सांगितलं होतं. तोच महिना तिच्या दादाच्या, मकरंदच्या, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा होता. आवडी नावाच्या उपनगरातल्या फॅक्टरीतून आलेल्या वडिलांच्या पगारात त्या महिन्यात एकच गोष्ट बसणार होती. वडिलांनी, शरदचंद्रांनी, डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. बोलली ती आई.

“तेत्तुपल हाय तें, गे. लक्ष्मीचा दात. त्याला हात लावूं नये.”

आई, कृष्णवेणी, तंजावरची. वडील मिरजेकडून नोकरीसाठी इकडे आलेले. घरात दोन मराठी नांदत होत्या आणि तमिळ दाराशी उभी असे. वडिलांनी दोन्ही मुलांकडून देवनागरी घोटून घेतली होती. आईचं शिक्षण मात्र सगळं तमिळ शाळेतलं, त्यामुळे ती मराठी लिही तीही तमिळ अक्षरांत. तंजावरच्या कितीतरी बायका तसं लिहितात. पण तमिळ लिपीत ट आणि ड यांना एकच अक्षर, त आणि द यांनाही एकच. ओघात काय आहे ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. वडील समजून घेत नसत. आईने सामानाच्या यादीत ‘तुरीची डाळ’ लिहिली की ते ‘टाळ’ वाचत आणि, भजन कुठे आहे गं आज, असं विचारत पिशवी घेऊन निघत. एकदा तर त्यांनी मैलापूरहून खरोखरच पितळी टाळ आणून आईच्या पुढ्यात ठेवले होते. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. आई ऑक्टोबरात गेली. तिरुवल्लिकेणीतल्या त्या भाड्याच्या घरात आता शर्मिष्ठा एकटीच राहत होती, आणि सकाळी दोन माणसांची कॉफी टाकायची सवय तिने महिन्याभरात मोडली होती. ह्या ओठाच्या सवयीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र नवा होता.

फेब्रुवारीत ती रायपेट्ट्याच्या एका दवाखान्यात गेली. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे सरकवत, पेशंट शाळेतून परस्पर येणार आहे का, असं विचारलं. पेशंट आली आहे, असं शर्मिष्ठाने सांगितल्यावर ती मुलगी आपल्याच फॉर्मकडे पाहून हसली.

डॉक्टर हेमावती पन्नाशीच्या होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी आरसा तोंडात फिरवून पाहिलं, एक्स-रे उजेडात धरला आणि सांगितलं की सुळ्याला जागा करायला शेजारची एक दाढ काढावी लागेल. मग वीस महिने तार. साधी धातूची तार पंचेचाळीस हजारांत होईल, दातांच्या रंगाची पासष्टांत.

शर्मिष्ठाने आपलं काम काय आहे ते सांगितलं. मुलं दिवसभर तिच्या तोंडाकडे बघतात. बाहेरून चमकणारी तार आणि तिच्यावर अडकणारा ओठ बघून ती काय शिकतील कोण जाणे. हे सगळं खरं होतं. पण एकोणचाळिसाव्या वर्षी दातांवर तार घालून बसमध्ये चढायची तिला लाज वाटत होती, हेही खरं होतं. ते तिने सांगितलं नाही. डॉक्टरांनी बहुधा ओळखलं.

तार आतून लावता येते, त्या म्हणाल्या. दातांच्या मागच्या अंगाला, जिभेकडून. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. पण मागच्या बाजूने प्रत्येक दाताचा आकार वेगळा, म्हणून प्रत्येक दाताचा तुकडा स्वतंत्र घडवून घ्यावा लागतो. मापं पाठवली की माल यायला सहा आठवडे जातात. वर आणि खाली दोन्हीकडे आतून लावायची तर दोन लाख चाळीस हजार. त्यांनी आकडा सांगितला आणि, काही लोक इथे उठून जातात तशी ही जाते का, ते पाहायला थांबल्या.

शर्मिष्ठा उठली नाही. तिने विचारलं, याहून स्वस्त काही?

होतं. वरच्या दातांना आतून आणि खालच्यांना बाहेरून, दातांच्याच रंगाची तार लावली तर दीड लाखात भागलं असतं. बोलताना खालचे दात तसेही ओठामागे राहतात. एखाद्या खाजगी डेंटल कॉलेजात शिकाऊ डॉक्टर त्यांच्या सरांच्या देखरेखीखाली निम्म्यात करून देतात, पण दर खेपेला सकाळचा अख्खा दिवस जातो. सरकारी दवाखान्यात साधी तार जवळजवळ फुकट लागते, आतली बहुतेक ठिकाणी लावत नाहीत. विम्याचा काही उपयोग नाही, कारण विमा कंपन्या याला सौंदर्याचा खर्च समजतात. हप्ते पाडून मिळतील. निम्मे पैसे मापं घेताना, बाकीचे दहा महिन्यांत, बिनव्याजी. त्याहून लांबवले तर व्याज.

आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली. पहिला महिना जीभ सोलवटून निघेल. त, द, ल, स नीट येणार नाहीत. तुम्ही बोलायला शिकवता, तेव्हा सुरुवात सुट्टीतच करा. मे महिन्यात तार लावायची तर मापं वीस मार्चच्या आत द्यायला हवीत. नाहीतर मग पुढच्या वर्षीची सुट्टी.

घरी येऊन शर्मिष्ठाने हिशेब मांडला. हातात अडतीस हजार पगार येई. घरभाडं जाई. आईच्या आजारपणात शिल्लक संपली होती आणि शाळेच्या पतपेढीचं कर्ज अजून निम्मं फिटायचं होतं, त्यामुळे तिथून दुसरं मिळणार नव्हतं. आईच्या चार बांगड्या होत्या. त्या गहाण टाकता आल्या असत्या. या शहरात निम्म्या गल्ल्यांच्या तोंडाशी त्यासाठी दुकानं उघडून बसलेली असतात. ती एकदा तशा एका दुकानापर्यंत गेलीही. आत एक म्हातारी आपली नथ तराजूत ठेवून काट्याकडे बघत होती. शर्मिष्ठा पायरीवरून परत फिरली. तिने कयलपुरतं ठरवून टाकलं की वर्षभर ‘ई’ दुसऱ्या बाईंनी शिकवावी.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी गुरुमूर्ती आले. ते दोन गल्ल्या सोडून राहत. सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, आणि तीस वर्षं वाड्यावस्तीतल्या बायकांची चीटु चालवत आलेले. मराठीत जिला भिशी म्हणतात, तीच ही. आईच्या चीटुचे शेवटचे पाच हप्ते शर्मिष्ठानेच भरले होते. वडिलांच्या पेन्शनीतून आई दर महिन्याला काय कुणाला देते हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं होतं. आता मुदत पुरी झाली होती. गुरुमूर्तींनी आपलं कमिशन वजा करून एक लाख नव्वद हजारांचा चेक टेबलावर ठेवला आणि पिशवीतून वही काढली.

त्यांची एक पद्धत होती. चीटु सुरू करताना प्रत्येकीने आपल्या हाताने वहीत लिहायचं की पैसा कशासाठी. मुलीचं लग्न, घराचं छप्पर, काशीयात्रा. कारण लिहून ठेवलं की पैसा वाट चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि पैसे हाती देताना ते पान दाखवल्याशिवाय ते उठत नसत.

आईच्या नावासमोर एकच शब्द होता. गुरुमूर्ती तमिळमध्ये म्हणाले की मी हा शब्द चाळीस महिने वाचतो आहे आणि मला वाटलं, तात्ता, म्हणजे तुझे आजोबा. त्यांच्या श्राद्धाला एवढा खर्च कशाला, असं एकदा विचारणारही होतो.

शर्मिष्ठाने वही जवळ ओढली. आईचं अक्षर ठसठशीत, शाळेतल्या मुलीसारखं. दोनदा तेच अक्षर, काना दिलेलं, आणि पुढे ‘ला’. तमिळ अक्षरांतली मराठी.

दादाला.

ते असं एका दमात वाचून झाल्यावर तिला दिसलं की तेच ‘दाताला’ असंही वाचता येतं. पहिल्या अक्षराच्या खांद्यावर बारीक तीनचा आकडा होता. तो काय आहे ते तिला कळेना. गुरुमूर्तींनाही आठवेना, त्यांनी कधीतरी तिसऱ्या हप्त्याची खूण केली असेल.

ते उठण्याआधी तिने पानाचा फोटो काढून घेतला. तिने आयुष्यभर पुस्तकं वाचली होती. एका शब्दाचे दोन अर्थ निघत असले की कुठला घ्यायचा याचे नियम तिला पाठ होते. संदर्भ बघावा. संदर्भ असा होता की या घरात एका महिन्यात एकच गोष्ट बसे आणि ती दादाची असे. आणि मकरंदची या वेळची गरजही उघड होती. गुम्मिडिपूंडीत तो ज्या कारखान्यात होता तिथल्या भट्ट्या अर्ध्या विझल्या होत्या, तीन महिन्यांचा पगार थकला होता आणि घराचे हप्ते तुंबले होते. चाळीस महिन्यांपूर्वी, ते घर घेतलं तेव्हाच, आईला त्याची काळजी लागली असणार. शिवाय, ज्याला लाभ आहे त्यानेच अर्थ लावावा हे तिला बरं वाटेना. तिने तो फोटो दादाला पाठवला आणि खाली लिहिलं, आईने तुझ्यासाठी ठेवले आहेत, उद्या खात्यात भरते.

त्याचं उत्तर दोन तासांनी आलं. नुसतं, बरं.

दुसऱ्या दिवशी तिने पैसे पाठवले. शाळेत गेल्यावर मुख्याध्यापिकांना ‘ई’बद्दल सांगितलं. दवाखान्याचा फोन आला तेव्हा, पुढच्या वर्षी बघू, म्हणाली. तिला वाईट वाटलं असं म्हणता येत नव्हतं. सोळाव्या वर्षी जे कळलं होतं तेच पुन्हा कळलं होतं, आणि आता तर रागवायला समोर कुणी नव्हतं.

सोळा मार्चला, शनिवारी, दुपारी दार वाजलं. बाहेर वहिनी उभी होती. सुष्मिता कुंभकोणमची, तिकडच्याच मराठी घरातली. सासूशी तिचं सूत जमलं होतं ते भाषेमुळे; दोघी बोलायला बसल्या की शर्मिष्ठालासुद्धा मध्येमध्ये अर्थ विचारावा लागे. ती न कळवता कधी आली नव्हती. पाणीसुद्धा न घेता ती खुर्चीच्या काठावर बसली आणि पिशवीतून पिवळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक काढलं. तमिळ लिपीत छापलेली संस्कृत स्तोत्रं.

“हें वाचतां येतं का, शमी?”

शर्मिष्ठाने पान उघडलं. वडिलांच्या कृपेने ती स्तोत्रं देवनागरीतच शिकली होती. असलं पुस्तक तिने कधी हातात धरलं नव्हतं. पान मुंग्यांनी भरल्यासारखं दिसत होतं. अक्षराअक्षराच्या खांद्यावर बारीक आकडे. दोन, तीन, चार.

सुष्मिताने बोट ठेवून दाखवलं. तमिळमध्ये त एकच. मग संस्कृत कसं छापायचं? आकडा नाही तो त. दोन म्हणजे थ. तीन म्हणजे द. चार म्हणजे ध. शुक्रवारचं स्तोत्र म्हणताना काल तिची नजर या आकड्यांवर गेली, आणि तिने उठून नवऱ्याच्या फोनमधला तो फोटो पुन्हा काढून पाहिला.

“पहिल्यावर तीन हाय. दुसऱ्यावर काय पण नाहीं,” ती म्हणाली. “दादा असतं तर दोन्हींवर घाटलं असतं. मींच शिकविलें त्यांना. नवरात्रांत इकडं बसून. कितीं हसटल्या म्हायत हाय? म्हणे, हें आधीं कळलं असतं तर ह्यांनी टाळ आणले नसते.”

शर्मिष्ठाने आपल्या फोनमधला फोटो काढून पुस्तकाशेजारी धरला. दा. ता. ला.

तिला एकदम आठवलं काही नाही. आईने कधी दाताबद्दल विचारलं होतं का, कधी तोंडाकडे पाहून थांबली होती का, ती शोधू लागली, आणि तिला एकही प्रसंग सापडेना. आई तेवीस वर्षं काही बोलली नव्हती. नऊ वर्षं पेन्शन घेतली, त्यातली पाच वर्षं औषधांत गेली, आणि मग एक दिवस दोन गल्ल्या ओलांडून जाऊन तिने एक शब्द लिहिला होता, आणि कुणी चुकीचा वाचू नये म्हणून त्यावर आकडा घातला होता.

“लक्ष्मीचा दात म्हणाली होती,” शर्मिष्ठा म्हणाली.

“पैका नव्हता तेव्हां आणि काय म्हणायचं, सांग,” सुष्मिता म्हणाली.

मग तिने बाकीचं सांगितलं, खाली बघून. सत्तर हजार बँकेत भरून झाले आहेत. एक लाख वीस हजार तसेच आहेत. आपल्याला रात्रभर वाटलं, पुस्तक मिटून ठेवावं. कुणाला कळलं असतं? पण मग रोज ते उघडायचं कसं.

“दादाला ठाऊक आहे?”

“खालीं उभे हायत. वर येत नाहींत म्हणतात.”

शर्मिष्ठा चपला अडकवून खाली गेली. शेजारच्या मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजच्या, भिंतीलगत स्कूटर लावून मकरंद तिच्यावर न बसता शेजारी उभा होता, हेल्मेट पोटाशी धरून. मॅन्शनमध्ये राहणारी दोनचार मुलं वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि त्यांच्या बनियनचं पाणी स्कूटरच्या सीटवर टपटपत होतं. तो बाजूला सरकला नव्हता.

“वर चल,” ती म्हणाली.

“आधी ऐक. मला वाटलं होतं.”

“काय?”

“की ते माझं नसावं. आई मला दादा कधी म्हणाली? तू म्हणतेस. ती मक्कू म्हणायची. लिहिलं असतं तर मक्कूला असं लिहिलं असतं.” त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. “फोटो बघितल्या बघितल्या मनात आलं. दोन तास बसलो. मग बरं असं लिहून टाकलं. सुष्मिता बोलली नसती तर मी बोललो नसतो, शमे.”

ती त्याच्याकडे बघत होती. त्याच्या कानांमागे केस पिकले होते. हे तिला आईच्या दहाव्याला दिसलं नव्हतं. तेव्हा ती कुणाकडेच बघत नव्हती.

“मलाही दोन्ही वाचता येत होतं,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही. आपल्या घराकडे पाहून वाचलं.”

त्याने सीटवरचं पाणी तळव्याने पुसलं. मग म्हणाला की तेव्हा, त्या प्रवेशाच्या वेळी, बाबांनी त्याला विचारलं होतं, एक वर्ष थांबशील का. तो नाही म्हणाला होता. अठरा वर्षांचा होता. नंतर ‘लक्ष्मीचा दात’ ऐकलं की तो उठून बाहेर जायचा.

ही गोष्ट शर्मिष्ठाला नवी होती. तिने रस्त्याकडे पाहिलं. पाण्याचा टँकर गल्लीत शिरता शिरता अडकला होता आणि ड्रायव्हर खाली उतरून शांतपणे दोन्ही बाजूंच्या भिंती मापत होता.

“सत्तर गेले,” मकरंद म्हणाला. “जूनपासून दरमहा पाच देईन. कारखाना चालो न चालो.”

“नीट वाच ना,” ती म्हणाली. “काय लिहिलंय आईनं? दाताला. दातांना नाही. एकवचन आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे वरच्या रांगेपुरतं. वरच्यांना आतून, खालच्यांना बाहेरून, दातांच्या रंगाची. दीड लाखात होतं. एकशेवीस आहेत. तीस मी दहा महिन्यांत फेडीन.”

त्याने मनातल्या मनात बेरीज करून पाहिली. तो लहानपणापासून करी तशी, ओठ हलवत.

“आणि खालचे दात सावत्र?”

“खालच्यांना आई ओळखत नव्हती.”

तो हसला, आणि हसता हसता हेल्मेट खाली ठेवून त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. सत्तर मी देणारच, असं तो पुन्हा म्हणाला. बरं, असं ती म्हणाली. त्या दोघांत तेवढ्यावर भागत असे. वर सुष्मिताने तोवर कॉफी टाकली होती, आणि घरात साखर कुठे ठेवतात ते खिडकीतून ओरडून विचारत होती.

एकोणीस तारखेला शाळा सुटल्यावर शर्मिष्ठा रायपेट्ट्याला गेली. काउंटरवरच्या मुलीने पंचाहत्तर हजारांची पावती फाडली आणि हप्त्यांच्या कागदावर तीन ठिकाणी सही घेतली. कागदात उपचाराचं कारण लिहायची एक जागा होती. बहुतेक लोक ती रिकामीच सोडतात, मुलगी म्हणाली. शर्मिष्ठानेही सोडली.

आत डॉक्टर हेमावतींनी तिला खुर्चीत मागे रेलवलं. डब्यातली गुलाबी लगदी त्यांनी भराभरा घोटून साच्यात भरली. वरच्या दातांचं माप आधी, त्या म्हणाल्या. घशाशी येईल, ओकारी आल्यासारखं वाटेल, नाकाने श्वास घ्या. गिळू नका. बोलू तर अजिबात नका. मग दोन बोटांनी तिचा वरचा ओठ उचलून त्यांनी बाजूला धरला. शर्मिष्ठाचा ओठ सवयीने खाली यायला निघाला आणि त्यांच्या बोटांपाशी अडला.

“सोडा,” डॉक्टर म्हणाल्या. “मी धरलाय.”

तिने सोडला. लगदी गार होती. ती दातांवर चढली, सुळ्याच्या अवतीभवती शिरली आणि हळूहळू घट्ट व्हायला लागली. नाकाने श्वास घेताना शर्मिष्ठाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोन्ही बाजूंनी कानांकडे वाहू लागलं. ते थांबेना. डॉक्टरांनी मोकळ्या हाताने कापूस घेऊन तिच्या कानशिलाशी धरला.

“सगळ्यांना येतं,” त्या म्हणाल्या. “अजून दोन मिनिटं.”